तरुण वयात खुबा किंवा गुडघा बदलायचा असेल तर इम्प्लांटचं मटेरियल कसं ठरवायचं

सत्तरीतल्या माणसाचा सांधा बदलताना मटेरियलवर फार डोकं लावावं लागत नाही, कारण नीट बसवलेला साधा इम्प्लांटसुद्धा बहुतेकांना आयुष्यभर पुरतो. ब्रिटनमधल्या पेशंटच्या नोंदींवरून २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात सत्तरीनंतर सांधा बदललेल्यांना पुढे कधीतरी परत ऑपरेशन म्हणजे रिव्हिजन लागायची शक्यता साधारण ५ टक्के निघाली, आणि पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांमध्ये तीच ३५ टक्क्यांपर्यंत गेली. आता एव्हीएनमुळे (मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा, म्हणजे बॉलचा, रक्तपुरवठा बंद पडून ते हाड मरणं), अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमुळे (मणके आणि सांधे आखडवणारा वात), आमवातामुळे किंवा जन्मापासून खुब्याची वाटी उथळ असल्यामुळे ज्यांना तिशीतच हे करायची वेळ येते त्यांच्यापुढे अजून चाळीस-पन्नास वर्षं चालणं आहे, त्यामुळे त्यांनी हा विषय नीट समजून घेतलाच पाहिजे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ऑपरेशन करत नाही, पण ऑपरेशनच्या आधी गोंधळलेली आणि नंतर हळूहळू चालायला लागलेली माणसं रोज बघते. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. तरुण माणसाने सगळ्यात नवीन मटेरियलच्या मागे लागू नये, ज्याचा पुरावा सगळ्यात लांबचा आहे ते घ्यावं, आणि उद्या रिव्हिजन करावीच लागली तर जे कमीत कमी हाड खराब करून बदलता येईल ते घ्यावं. बाकी सगळं या दोन गोष्टींच्या आत बसतं.

पायरी १: आत्ताच बदलायचाय का, ते आधी नक्की करा

हे थोडक्यात सांगते. गुडघ्याची फक्त आतली बाजू झिजली असेल आणि पाय वाकडा झाला असेल तर हाड कापून रेष सरळ करायचं ऑपरेशन (ऑस्टिओटॉमी) किंवा अर्धा गुडघा बदलणं हे पर्याय असतात, एव्हीएन सुरुवातीला सापडला आणि बॉल अजून चपटा झालेला नसेल तर कधीकधी खुबा वाचवायचा प्रयत्न करता येतो. पण रात्री झोप लागत नाही, कामावर जाता येत नाही, दुसरा पाय आणि कंबर पण दुखायला लागली, अशी वेळ आली असेल तर निव्वळ वय कमी आहे म्हणून वर्षानुवर्षं सहन करत बसण्यात शहाणपणा नाही, स्नायू इतके बारीक होतात की ऑपरेशननंतर ते परत भरून यायला फार वेळ लागतो. थांबायचं की नाही ते डॉक्टरांशी मोकळेपणी बोलून ठरवा आणि एकदा ठरलं की मग मटेरियलकडे या.

पायरी २: इम्प्लांटचे भाग वेगवेगळे आहेत हे समजून घ्या

‘मला सिरॅमिकचा खुबा बसवलाय’ असं लोक म्हणतात पण अख्खा खुबा सिरॅमिकचा नसतो. पूर्ण खुबा बदलतात तेव्हा चार भाग असतात: मांडीच्या हाडाच्या पोकळीत जाणारा स्टेम, त्याच्या वरच्या टोकावर बसणारा बॉल, कमरेच्या हाडात बसणारी बाहेरची वाटी, आणि त्या वाटीच्या आत बसणारं लायनर. बॉल आणि लायनर एकमेकांवर घासतात, त्या जोडीला बेअरिंग म्हणतात. स्टेम आणि वाटी हाडाला धरून राहतात.

या दोन्ही कामांना लागणारे गुण उलटे आहेत. हाडात बसणाऱ्या भागाला हाड चिकटलं पाहिजे आणि तो फार ताठ नको, म्हणून तिथे टायटॅनियमचा मिश्रधातू चालतो. कोबाल्ट-क्रोम हा दुसरा नेहमीचा मिश्रधातू टायटॅनियमपेक्षा साधारण दुप्पट ताठ आहे आणि टायटॅनियमसुद्धा हाडापेक्षा पाच-सहा पट ताठ आहे, मग भार सगळा धातूच घेतो आणि आजूबाजूचं हाड काम नसल्यामुळे विरळ होत जातं, याला स्ट्रेस शील्डिंग म्हणतात. पण हाच टायटॅनियम बॉल म्हणून लावला तर चालत नाही, तो मऊ आहे, त्याच्यावर चरे पडतात आणि काळी भुकटी सुटते. त्यामुळे ‘टायटॅनियम चांगलं की सिरॅमिक’ असा प्रश्नच पडायला नको, एकाच खुब्यात दोन्ही असू शकतात आणि तरुण पेशंटमध्ये बहुतेक वेळा असतातच.

पायरी ३: बेअरिंगची जोडी ठरवा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण लांब पल्ल्याची झीज इथेच होते. साधारण माणसाचा एक पाय वर्षाला दहा लाखांच्या आसपास पावलं टाकतो आणि धडपड्या तरुण माणसाचा आकडा त्याच्या दोन-तीन पट होऊ शकतो, चालताना दर पावलाला खुब्यावर वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो आणि ठेच लागून तोल गेला तर त्याहून कितीतरी जास्त.

आधी झीज झाल्याने बिघडतं काय ते बघू. जॉन चार्नली या ब्रिटिश सर्जनने १९५०च्या दशकाच्या शेवटी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या होत्या, त्या काही वर्षांतच झिजल्या आणि त्या भुकटीमुळे आजूबाजूचं हाड आणि मांस खराब झालं, मग १९६२ पासून त्यांनी अतिउच्च आण्विक वजनाचं पॉलिइथिलीन (एक चिवट प्लास्टिक, थोडक्यात पॉली) वापरायला सुरुवात केली आणि आजचा खुबा तिथून आला. पण पॉलीसुद्धा झिजतं. झिजून जे कण सुटतात ते डोळ्याला न दिसणारे, मायक्रॉनपेक्षा लहान असतात, शरीरातल्या पेशी ते गिळतात, सूज येते आणि इम्प्लांटच्या कडेचं हाड विरघळायला लागतं, याला ऑस्टिओलिसिस म्हणतात. वाईट गोष्ट ही की बरीच वर्षं काही दुखत नाही. जुन्या पॉलीत वर्षाला ०.१ मिलिमीटरच्या वर झीज असली तर ही भीती खरी असायची, ०.०५च्या खाली असली तर जवळपास नाहीच.

आता जोड्या एकेक करून बघू.

सिरॅमिकचा बॉल आणि क्रॉसलिंक पॉलीचं लायनर. आज बहुतेक तरुण पेशंटसाठी मी स्वतः आधी या जोडीकडे बघायला सांगेन. पॉलीवर रेडिएशन देऊन त्याच्या साखळ्या एकमेकींना घट्ट जोडतात, मग उष्णता देऊन राहिलेले फ्री रॅडिकल (पुढे पॉली खराब करणारे अस्थिर कण) कमी करतात, हे १९९०च्या दशकाच्या शेवटी वापरात आलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सांधेरोपण रजिस्ट्रीत (देशभरातल्या अशा ऑपरेशनची नोंदवही) १६ वर्षांनंतर साध्या पॉलीच्या खुब्यांमध्ये ११.७ टक्के रिव्हिजन झाल्या होत्या आणि क्रॉसलिंक पॉलीत ६.२ टक्के. मटेरियलच्या बदलाने इतका मोठा फरक या क्षेत्रात फार कमी वेळा पडलाय, म्हणून तुमच्या लायनरचं पॉली क्रॉसलिंक आहे ना हे विचाराच, हा प्रश्न बॉल कशाचा आहे यापेक्षाही महत्त्वाचा आहे. व्हिटॅमिन ई मिसळलेलं पॉली ही त्याची पुढची पिढी, त्यात पॉली ऑक्सिडेशनला, म्हणजे ऑक्सिजनमुळे खराब होण्याला, जास्त टिकावं अशी कल्पना आहे आणि आत्तापर्यंतची झीज छान कमी दिसते, पण पहिल्या पिढीचा पुरावा जास्त वर्षांचा आहे. दोन्हीपैकी काहीही मिळालं तरी नाराज व्हायचं कारण नाही.

बॉल सिरॅमिकचा का, तर तो जास्त कडक आणि गुळगुळीत असतो, त्याच्यावर सहज चरा पडत नाही, पाणी त्याच्यावर चांगलं पसरतं म्हणून वंगण टिकतं, आणि अजून एक कारण जे पेशंटना कुणी सांगत नाही. स्टेमचं टोक आणि बॉल जिथे जोडले जातात तिथे धातूवर धातू असला की तिथे अतिशय बारीक हालचाल आणि गंज होऊन कोबाल्ट सुटू शकतो, मोठ्या धातूच्या बॉलला हे जास्त होतं. सिरॅमिक बॉलने हा त्रास बराच कमी होतो. पुढची ४० वर्षं काढायची असतील तर मला हे कारण झिजेच्या फरकाइतकंच मोठं वाटतं.

सिरॅमिकवर सिरॅमिक. फ्रान्समध्ये पिएर बुताँ या सर्जनने १९७० साली हे सुरू केलं. झीज सगळ्यात कमी, आणि जी भुकटी सुटते तिची शरीराला फारशी ॲलर्जी नाही. विशीतल्या आणि तिशीच्या सुरुवातीच्या पेशंटसाठी बरेच सर्जन आजही हीच जोडी पसंत करतात आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. एक म्हणजे आवाज. काही लोकांचा खुबा चालताना किंवा वाकताना कुईकुई वाजतो, वाटीचा कोन चुकला आणि बॉल कडेवर घासायला लागला तर हे जास्त होतं, काही जणांना इतका त्रास होतो की फक्त आवाजासाठी बदलावा लागतो. दुसरी म्हणजे तुटणं. आजचं सिरॅमिक अल्युमिनात झिर्कोनिया (हे दोन्ही सिरॅमिकचेच प्रकार) मिसळून केलेलं असतं, फिकट गुलाबी दिसतं, आणि त्याचा बॉल फुटणं हजारात एकापेक्षाही बरंच दुर्मिळ आहे, लायनरची कड उडणं त्याहून थोडं जास्त. पण फुटलंच तर त्याचे काचेसारखे कण सगळीकडे पसरतात, ते सगळे साफ करावे लागतात आणि परत तिथे धातूचा बॉल लावायचा नसतो, कारण राहिलेले कण धातू खरवडून काढतात. म्हणजे या जोडीत वाटी अचूक कोनात बसणं फार गरजेचं आहे, पॉली थोडी चूक माफ करतं, सिरॅमिक करत नाही. तुमचे सर्जन हीच जोडी नेहमी वापरत असतील तर खुशाल घ्या, वर्षातून दोनदा वापरत असतील तर मी पॉलीवर जाईन.

निव्वळ झिर्कोनियाचे जुने बॉल आता बाजूला पडलेत. २००१ साली एका मोठ्या उत्पादकाचे झिर्कोनिया बॉल परत बोलवावे लागले होते, भट्टीची पद्धत बदलल्यावर काही बॅचचे बॉल शरीरात फुटायला लागले. मटेरियल तेच, डिझाइन तेच, फक्त भाजण्यात फरक, आणि तेवढ्याने इतकं झालं.

ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियम, म्हणजे काळा चकचकीत बॉल. हा आतून धातू असतो आणि पृष्ठभागाचं सिरॅमिकमध्ये रूपांतर केलेलं असतं, त्यामुळे फुटत नाही आणि घासतोही कमी. क्रॉसलिंक पॉलीबरोबर याचे निकाल चांगले आहेत. फक्त खुबा निसटून वाटीच्या धातूच्या कडेवर घासला तर वरचा पातळ थर खराब होतो, त्यामुळे निसटलेल्या खुब्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

कोबाल्ट-क्रोमचा बॉल आणि क्रॉसलिंक पॉली. वाईट नाही, वर्षानुवर्षं चाललेलं आहे. पैशाचा प्रश्न असेल आणि दोन्हीपैकी एकच परवडत असेल तर चांगल्या क्रॉसलिंक पॉलीवर धातूचा बॉल हे साध्या जुन्या पॉलीवर महाग सिरॅमिक बॉल लावण्यापेक्षा मी केव्हाही चांगलं म्हणेन.

धातूवर धातू. २०००च्या दशकात हे तरुणांसाठीच म्हणून जोरात विकलं गेलं, बॉल मोठा, निसटत नाही, खेळता येतं वगैरे. मग कोबाल्ट आणि क्रोमियमचे आयन (धातूचे विरघळलेले अतिसूक्ष्म कण) रक्तात, सांध्याभोवती गाठी, स्नायू कुजणं हे सगळं समोर आलं आणि ऑगस्ट २०१० मध्ये डिप्यू या कंपनीने एएसआर हा इम्प्लांट जगभरातून परत बोलावला, तोपर्यंत साधारण ९३,००० बसवून झाले होते. त्यातले कितीतरी तरुण, कामाधंद्यातले लोक होते आणि त्यांना पाच-सात वर्षांत परत टेबलावर जावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं. नवीन म्हणजे चांगलं असं समजून चालू नये हे मी इतक्या जोरात सांगते त्यामागे हा इतिहास आहे. पूर्ण खुब्यासाठी धातूवर धातू कुणी सुचवलं तर सरळ दुसरं मत घ्या.

याला एक छोटा अपवाद म्हणजे रिसर्फेसिंग, ज्यात बॉल कापून टाकत नाहीत, त्याच्यावर धातूची टोपी बसवतात. ब्रिटिश सर्जन डेरेक मॅकमिन यांचं बर्मिंगहॅम डिझाइन १९९७ पासून आहे आणि मोठ्या हाडाच्या, किडनी चांगली असलेल्या तरुण पुरुषांमध्ये त्याचे निकाल खरंच चांगले आहेत. पण बायकांमध्ये आणि लहान मापात ते लवकर बिघडतं असं दिसल्यावर २०१५ मध्ये ते बनवणाऱ्या कंपनीनेच लहान मापं आणि बायकांसाठीचा वापर थांबवला. हे ऑपरेशन नेहमी करणारा सर्जन असेल तरच त्याचा विचार करा.

पायरी ४: सिमेंट की बिनसिमेंट

सिमेंट म्हणजे इम्प्लांट हाडात पक्का धरून ठेवणारा मसाला. तरुण माणसाच्या खुब्यात बहुतेक ठिकाणी बिनसिमेंटचा स्टेम आणि वाटी वापरतात. पृष्ठभाग खडबडीत, सच्छिद्र असतो, कधी त्यावर हायड्रॉक्सिॲपेटाइटचा (हाडातल्या खनिजासारखा पदार्थ) थर असतो, आणि हाड त्यात वाढत जाऊन जैविक पकड तयार होते. हाड चांगलं असेल तर ही पकड वर्षानुवर्षं टिकते आणि पुढे फक्त लायनर झिजलं तर वाटी तशीच ठेवून लायनर आणि बॉल बदलता येतो, हा फार मोठा फायदा आहे. स्टिरॉइड खूप वर्षं घेतली असतील, हाड फारच ठिसूळ असेल किंवा त्या जागी रेडिएशन घेतलं असेल तर डॉक्टर वेगळा विचार करू शकतात. सिमेंट म्हणजे मागासलेलं असं मात्र समजू नका, चांगल्या सिमेंट स्टेमचे वीस-तीस वर्षांचे निकाल आहेत.

खूप जोड असलेल्या डिझाइनपासून जरा लांब राहा. स्टेमची मान वेगळी आणि खालचा भाग वेगळा अशा प्रकारचे काही स्टेम २०१२ मध्ये परत बोलावले गेले, कारण त्या जोडातच गंज धरत होता. प्रत्येक जास्तीचा जोड म्हणजे बारीक हालचालीची अजून एक जागा, त्यामुळे हाडाचा आकार वेडावाकडा असल्याशिवाय पहिल्या ऑपरेशनला त्याची गरज नसते.

पायरी ५: बॉलचं माप

बॉल मोठा असला की खुबा निसटण्याची भीती कमी, पण त्याच वाटीत लायनर पातळ होतं. आज ३२ किंवा ३६ मिलिमीटर हे नेहमीचं माप आहे, लहान हाडाच्या माणसाला कधी २८ लागतो. उगाच मोठ्या मापाचा आग्रह धरू नका, वाटीच्या मापावरून सर्जन ठरवतील. ड्युअल मोबिलिटी नावाचा प्रकार, ज्यात बॉल अजून एका पॉलीच्या बॉलमध्ये फिरतो, तो निसटण्याचा धोका खरंच जास्त असेल तर उत्तम आहे, पण एरवी तिशीतल्या माणसाला तो आपोआप द्यायचं कारण मला दिसत नाही, घासणारे पृष्ठभाग त्यात दोन होतात.

पायरी ६: गुडघा असेल तर

गुडघ्यात चित्र वेगळं आहे आणि इथे जाहिरातींना जरा जास्तच भाव मिळतो. वरचा भाग सहसा कोबाल्ट-क्रोमचा, खालची प्लेट टायटॅनियम किंवा कोबाल्ट-क्रोमची, मध्ये पॉलीचा इन्सर्ट. खुब्यात बॉल वाटीत सगळीकडून टेकतो, गुडघ्यात भार छोट्या जागेवर येतो आणि घसरणं, लोळणं, वळणं सगळं एकदम होतं, त्यामुळे पॉलीला नुसती झीज नाही तर थकवाही सहन करावा लागतो. क्रॉसलिंक केल्याने पॉलीची झीज कमी होते पण कणखरपणा थोडा जातो, म्हणून गुडघ्यात ते बेताने करतात आणि त्याचा फायदा खुब्याइतका ठसठशीत नाही.

काळा, सोनेरी वगैरे गुडघे मिळतात. काळा म्हणजे तोच ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियम, सोनेरी म्हणजे टायटॅनियम नायट्राइडचा थर. ऑस्ट्रेलियाच्या रजिस्ट्रीत एकाच डिझाइनचे काळे आणि कोबाल्ट-क्रोमचे गुडघे बारा वर्षांपर्यंत तुलना करून बघितले तेव्हा काळ्यामुळे रिव्हिजन कमी झाल्या असं दिसलं नाही. ‘हा तीस वर्षं चालतो’ असं कुणी म्हणत असेल तर ते बरेचदा मशीनवरच्या चाचणीचं बोलणं असतं, माणसाच्या शरीरातलं नाही. निकेलची खरी ॲलर्जी असेल तर मात्र हे पर्याय कामाचे आहेत.

पक्का करण्यासाठी सिमेंट हीच आजही नेहमीची पद्धत आहे, पण तरुण, वजनदार आणि हाड घट्ट असलेल्या लोकांमध्ये बिनसिमेंटचे गुडघे वाढतायत आणि नव्या सच्छिद्र टायटॅनियमवर त्यांचे निकाल चांगले येतायत. एक मात्र नक्की सांगते, गुडघ्यात पेशंटचं समाधान रंगावर किंवा धातूवर कमी आणि लिगामेंटचा (हाडांना जोडणारे पट्टे) ताण नीट जमला की नाही, व्यायाम मनापासून केला की नाही यावर जास्त ठरतं. खांदा वगैरेचं गणित अजून निराळं आहे, ते इथे घेत नाही.

पायरी ७: तुमच्या स्वतःच्या गोष्टी डॉक्टरांसमोर मांडा

इथे लाजू नका आणि काही लपवू नका. खोटे दागिने, घड्याळाचा पट्टा, पँटचं बटण यांनी अंगावर पुरळ येतं का ते सांगा, कारण कोबाल्ट-क्रोममध्ये थोडं निकेल असतं. अशी ॲलर्जी असलेल्या बहुतेक लोकांना सांध्यात काही होत नाही आणि पॅच टेस्टवरून (त्वचेवर धातू लावून करायची ॲलर्जीची चाचणी) पुढचं नक्की सांगता येत नाही, पण टायटॅनियम आणि सिरॅमिकने काम होत असेल तर चिंता कशाला ठेवायची. किडनीचा आजार असेल किंवा पुढे मूल हवं असेल तर धातूवर धातू अजिबात नको, आयन किडनीवाटे बाहेर पडतात आणि वारेतून बाळापर्यंत जातात.

काम काय करता, किती वजन उचलता, उकिडवं बसावं लागतं का, कुठला खेळ सोडवणार नाही, हे खरं खरं सांगा. खूप खोल वाकणाऱ्या माणसाचा स्टेम वाटीच्या कडेला आपटू शकतो आणि ही कड सिरॅमिकची असली तर ती उडायची शक्यता असते, त्यामुळे वाकण्याच्या सवयींचा मटेरियलशी थेट संबंध आहे. स्पॉन्डिलायटिस असेल किंवा मणके स्क्रूने जोडलेले असतील तर तेही आवर्जून सांगा, बसताना कंबर फिरत नसेल तर वाटीचा कोन वेगळा ठरवावा लागतो.

पायरी ८: रेकॉर्ड तपासा

मटेरियल ठरलं तरी काम संपत नाही, कारण एकाच मटेरियलचे चांगले आणि वाईट असे दोन्ही इम्प्लांट असतात. डॉक्टरांकडून कंपनीचं नाव, स्टेमचं मॉडेल आणि वाटीचं मॉडेल लिहून घ्या. मग ब्रिटनच्या ओडेप नावाच्या पॅनलचं रेटिंग इंटरनेटवर फुकट बघता येतं. १० ए आणि पुढे चांदणी असेल तर त्याचा अर्थ दहा वर्षांचा भक्कम पुरावा आणि रिव्हिजन ५ टक्क्यांच्या आत, १३ किंवा १५ असेल तर अजून चांगलं. स्वीडनची खुब्याची रजिस्ट्री १९७९ पासून, ऑस्ट्रेलियाची १९९९ पासून आणि इंग्लंड-वेल्सची २००३ पासून चालू आहे आणि त्यांचे वार्षिक अहवाल कुणालाही वाचता येतात, वय ५५च्या आतल्यांचे आकडे त्यात वेगळे असतात ते शोधा. स्टेम आणि वाटी दोन्हीचं रेटिंग वेगवेगळं असतं हे लक्षात ठेवा, एकाचं चांगलं म्हणून दुसऱ्याचं गृहीत धरू नका.

लोक एक आकडा फार घाबरून सांगतात की २५ वर्षांनी फक्त ५८ टक्के खुबे टिकतात. हा आकडा खरा आहे, २०१९चा आहे, गुडघ्याचा त्याच वेळी ८२ टक्के होता. पण २५ वर्षं मागे जायचं म्हणजे ते खुबे क्रॉसलिंक पॉली येण्याच्या आधीचे किंवा अगदी सुरुवातीचे होते, त्यामुळे आज बसणाऱ्या खुब्यासाठी तो जसाच्या तसा लावू नका.

पायरी ९: सर्जनला हे विचारा

तुम्ही हा इम्प्लांट किती वर्षं आणि किती वेळा वापरलाय. लायनर क्रॉसलिंक आहे का. माझ्यासाठी सिरॅमिक लायनर का किंवा का नाही. पंधरा वर्षांनी लायनर झिजलं तर वाटी न काढता बदलता येईल का, या वाटीचे भाग तेव्हा मिळत असतील का. स्टेम काढावा लागला तर किती हाड जाईल. हे प्रश्न विचारल्यावर चिडणारा डॉक्टर मला क्वचितच दिसलाय, उलट चांगले सर्जन कागद घेऊन चित्र काढून समजावतात. आणि हे पण ऐकून घ्या की पहिल्या काही वर्षांतल्या रिव्हिजन बहुतेक इन्फेक्शन, निसटणं, ढिलं होणं किंवा हाड मोडणं यामुळे होतात, झिजेमुळे नाही. म्हणजे ऑपरेशनच्या आधी दात आणि त्वचेचं इन्फेक्शन बरं करणं, साखर ताब्यात आणणं, सिगारेट तंबाखू बंद करणं, आणि हेच ऑपरेशन नेहमी करणाऱ्या हातात जाणं, याचं वजन सिरॅमिक की पॉली या निवडीपेक्षा जास्त आहे. महाग बॉलसाठी सगळी शक्ती लावून तंबाखू चालूच ठेवणारे लोक बघितले की फार वाईट वाटतं.

पायरी १०: नंतरची कागदपत्रं आणि तपासण्या

प्रत्येक भागाच्या पाकिटावर रेफरन्स नंबर आणि लॉट नंबरचं स्टिकर असतं, ते सगळे तुमच्या फाइलमध्ये लावून मागा आणि मोबाइलवर फोटो काढून घरातल्या अजून एकाला पाठवून ठेवा. हे कशासाठी, तर २०२१-२२ मध्ये एका अमेरिकन कंपनीचे पॉलीचे इन्सर्ट परत बोलवावे लागले, पॉली चांगलं होतं पण पॅकिंगमधून ऑक्सिजन आत जात होता आणि ते वेळेआधी खराब होत होतं. अशा वेळी आपल्या आत नक्की कुठला लॉट आहे हे फक्त त्या स्टिकरवरून कळतं, हॉस्पिटलचं रेकॉर्ड वीस वर्षं सापडेलच असं नाही.

दुखत नसलं तरी एक्स-रे काढत राहा, पहिल्या वर्षी आणि मग डॉक्टर सांगतील तसा दर काही वर्षांनी, कारण हाड विरघळणं सुरुवातीला दुखत नाही आणि वेळेत दिसलं तर फक्त लायनर बदलून भागू शकतं. जांघेत नवीन दुखणं, आवाज, पाय आखूड वाटणं, चालायला लागताना पहिल्या दोन-चार पावलांना मांडीत कळ, ताप किंवा जखमेतून पाणी यातलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. आधीच धातूवर धातूचा खुबा बसलेला असेल तर रक्तातल्या कोबाल्ट-क्रोमियमची तपासणी करून घ्या, ब्रिटनमध्ये लिटरला ७ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की पुढच्या तपासण्या करायला सांगतात. आणि ऑपरेशननंतरचा अगदी पहिला एक्स-रे जिवापाड जपून ठेवा, शहर बदललं, डॉक्टर बदलले तरी तो बरोबर न्या, कारण लायनर किती झिजलं हे बॉल वाटीत पहिल्यापेक्षा किती सरकला ते मोजून कळतं आणि तुलनेला पहिला फोटोच नसेल तर कुणालाच काही नक्की सांगता येत नाही.